जागा सोडणारा ‘दो’

केचकेमेत, ३ मार्च

ती. सासूबाईंना सा. न. वि. वि.

खसखशीचे रोल पोचले. तुमच्या लेकाने, दोरिनने, कुणाला वासही लागू दिला नाही. पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. एप्रिलमध्ये आपल्या इलिंकाची गायनशाळेची प्रवेशपरीक्षा आहे. तीन वर्षांची असल्यापासून तुमच्या पियानोवर तुमच्याकडून शिकली, म्हणून काचेवर चमचा आपटला तरी सूर ओळखते. त्याचंच आता दुखणं झालंय. तुमच्या देशात, क्लूजला, ‘दो’ म्हणजे सप्तकातला पहिला सूर एकाच पट्टीवर कायमचा बसलेला. आमच्याकडे तो गाण्याप्रमाणे जागा बदलतो. गाणं शिकवणाऱ्या पिरोश्काबाईंनी ‘दो’ लावला की ही वर्गासमोर सांगते, हा ‘फा’ आहे, बाई खोटं बोलतात. अशी हट्टी मुलगी शाळा घेणार नाही, असं बाई म्हणाल्या.

शेजारीण म्हणते, लवकर वाजवायला लागलेली मुलं नकाशात, भूमितीत पुढे असतात. तुमची नात अजून उलटे बूट घालते! फोनवर तिला एवढंच सांगा, की आजीचं चुकलं. ती फक्त तुमचं ऐकते.

या मागणीनंतरही लोभ राहू द्यावा.

तुमची
एमोके

क्लूज, ११ मार्च

चि. सौ. एमोकेस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. अगं, दोन्ही ‘दो’ खरे आहेत. पण एवढ्याशा पोरीला ते कळायला वेळ लागेल, आणि तुझ्या परीक्षेला धीर नाही. बुटांचं म्हणशील, तर दोरिनही उलटेच घालायचा. त्याने पियानोला कधी बोट लावलं नाही आणि आज पूल बांधतोय. तेव्हा शेजारणीला म्हणावं, जरा दमानं घे.

काल तिला सांगितलं, आजीचं चुकलं. फार लागलं गं मनाला. तिने फोन बापाच्या हातात दिला.

परीक्षेचं लगेच कळव. सुनेवर माया आहे, रागही आहे.

तुझी सासू
ऑरेलिया

केचकेमेत, १९ एप्रिल

ती. सासूबाईंना सा. न.

इलिंका पास झाली. बाई देतील त्या सुरावर ‘दो’ धरून गोड गायली. नंतर एका मास्तरांनी कौतुकाने पियानोची पट्टी दाबून सूर विचारला. तिने तो ओळखला, मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण म्हणाली, माहीत नाही. वाटेत कारण विचारलं तर म्हणे, आजीचं चुकतं ना. थोडं चालून झाल्यावर तिनेच विचारलं, आजी मला सगळ्यांत लाडकी म्हणते, तेही चुकलंय का?

आई, शनिवारच्या गाडीने तिला घेऊन येतेय. लोभ मागायला तोंड नाही. तिला आधी जवळ घ्या, ‘दो’चं मग बघू.

तुमची
एमोके