तेरावं नाव

१३ नोव्हेंबर १९६१, सोमवार
दिवाळीनंतर पहिला दिवस. सुमन, माझी बायको, वारली त्याला पाच महिने होत आले, तरी कचेरीत माझ्याजवळ सगळे हळू बोलतात. फराळाचा डबा माझ्या टेबलाला वळसा घालून गेला.
जिल्ह्याहून पत्र. शिक्षिका-प्रशिक्षणाला आपल्या तालुक्यातून गेलेल्या बारा मुलींपैकी एक लग्न होऊन गेली. जागा रिकामी. तेरावं नाव गुणांसह पाठवा.
साहेब म्हणाले, "तुमच्या पद्धतीनं दहा मिनिटांचं काम."
माझी पद्धत! मे महिन्यात तिचं कौतुक झालं होतं. आधीचे कारकून परीक्षेला बसलेल्या मुलींच्या चारशे गुणचिठ्ठ्या गुणांप्रमाणे लावून सगळी नावं उतरवीत. आठ दिवस जात. मी चौदा केंद्रांच्या चौदा गठ्ठ्यांतून सर्वांत जास्त गुणांच्या दोन-दोन चिठ्ठ्या काढल्या, त्या अठ्ठावीसांतून बारा निवडल्या. जेवणाआधी यादी तयार.

१४ नोव्हें.
अठ्ठावीसांतली तेरावी, १६२ गुण. नाव लिहिणार होतो. धामापूरच्या गठ्ठ्याची दोरी सुटली होती म्हणून बांधायला घेतला. त्यातली तिसरी चिठ्ठी, १७१.
मी निवडलेल्या बाराव्या मुलीला १६३ आहेत.
पांडू शिपाई म्हणाला, "काय झाला? घाम कित्याक इलो?"
काय नाय, म्हटलं.

१५ नोव्हें.
सकाळी कचेरी उघडायच्या आधी जाऊन सगळे गठ्ठे पुन्हा पाहिले. या वेळी पहिल्या बारा चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या, त्यातली सगळ्यांत कमी गुणांची हाताशी. पुढची चिठ्ठी तिच्याहून कमी, तर बाजूला. जास्त, तर ती आत, ही बाहेर, आणि आता बारांत कमी कोण ते बघायचं. बाकीच्यांचा क्रम लावायचं कारणच नाही. अडीच तासांत चारशे झाल्या. एवढंच करायचं होतं.
राहून गेलेली एकच. कावेरी, धामापूर. ती यादीत नववी हवी होती.

१६ नोव्हें.
यादी केली त्या दिवशी घरी येऊन सुमनला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. ती बांगडे साफ करीत होती. म्हणाली, "आणि एकाच गठ्ठ्यात तीन चेडवां हुशार आसली तर?"
मी म्हणालो, "तुका काय कळता कचेरीतला."
तिनं पुढचा बांगडा घेतला. तेव्हा ती ठणठणीत होती. ताप आला तो जूनमध्ये.

१७ नोव्हें.
साहेबांना सांगितलं. त्यांनी पाणी मागवलं. "तुमच्या घरी तेव्हा काय चाललं होतं, मला ठाऊक आहे."
मी म्हणालो, "ते नंतर..." आणि गप्प बसलो. बरं वाटलं. बरं वाटलं म्हणूनच दिवसभर कुणाकडे वर बघवलं नाही.
साहेब म्हणतात, १६२चं नाव पाठवून मोकळे व्हा. बुधवारपर्यंत मुदत आहे.

१९ नोव्हें., रविवार
धामापूर. कावेरीचे वडील पोफळीच्या बागेत होते. सुमनचं त्यांच्या कानावर होतं. "वायट झाला," म्हणाले, शहाळं फोडून दिलं. मी पीत राहिलो.
कावेरी आली. हातात पुस्तक, पुन्हा परीक्षेला बसायची तयारी चालली आहे. विचारलं, "भाऊ, माका किती मार्क कमी पडले?"
"कमी पडले नाहीत. माझी चूक झाली."
"मगे माका परत बसूक नको?"
एक जागा आहे, पण ती माझ्या हातात नाही, असं काहीसं बोललो.
वडील म्हणाले, "तुमच्यार येळ वायट होती. घरात आजारपण आसताना मनशाक भान रवता काय?"
या वेळी सांगितलं. "नाही. तेव्हा ती बरी होती."
"मगे कशी चूक झाली?"
"शहाणपणा केला."
शहाळं अर्धं राहिलं.

२० नोव्हें.
खुलासा लिहून दिला. चूक माझी, पद्धत माझी, कावेरीचे गुण १७१, रिकामी जागा तिला मिळावी.
साहेबांनी वाचून परत दिला. "यात 'पत्नीच्या गंभीर आजारामुळे अनवधानाने' एवढं घाला. मी लगेच सही करतो. नुसतं असं पाठवलं तर वरचे लोक अख्खी निवड रद्द करतील. बारा जणींचं काय करायचं मग?"
"आणि नाही घातलं तर?"
"तर १६२चं नाव जाईल."

२१ नोव्हें., मंगळवार
अक्काला सांगितलं. सुमन गेल्यापासून घर तीच बघते. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "घाल मरे. ती खंय वाचूक येतली? चेडवाचा तरी बरा होयत."
खरं आहे. कावेरीला कारणाशी काय करायचंय. पण ज्या एकीनं मला वेळीच विचारलं होतं, त्या सुमनच्याच माथी हे मारायचं. आणि नाही मारलं, तर माझा खरेपणा कावेरीच्या जिवावर.
उद्या अकराला टपाल जातं. खुलाशाची दुसरी प्रत लिहायला घेतली आहे. 'मे महिन्यात माझी पत्नी' इथपर्यंत आलो आहे.