चटईचा काठ

प्रिय ताई,

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. मला फक्त एक विचारायचं आहे. चटई विणताना कडेला पोचलीस की पाती कशी वळवतेस? तू तर शेजारणीशी गप्पा मारत विणतेस. मग मोजतं कोण, तू की तुझे हात?

हसू नकोस. पन्नाशीला टेकलेला तुझा भाऊ सध्या संगणक शिकवायला शिकतोय. आम्हा पंधरा मास्तरांचं प्रशिक्षण चालू आहे. शिकवणाऱ्या बाई माझ्या निम्म्या वयाच्या, पण भारी तिखट. संगणकाला सूचना कशा द्यायच्या हे समजवायला पुस्तकात लिफ्टचं उदाहरण आहे, त्याला माझ्या शाळेतली मुलं नुसत्या माना डोलावतात, असं मी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "लिफ्ट पाहिलीय का त्यांनी? त्यांच्या घरात ज्या कामाला हात चालतात, तिथून सुरू करा." संगणकाला तरी आपण काय सांगतो? हे कर, मग ते कर, अमुक झालं की थांब.

मला चटई सुचली. घरातली चटई समोर ठेवून मी माझ्या वर्गात फळ्यावर लिहिलं: दोन पाती वर, एक खाली, पुन्हा तेच. मुलं कागदाच्या पट्ट्या विणू लागली. मागच्या बाकावर एक मुलगी आहे, वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं. तिची आई चटया विणते. ती एकदम म्हणाली, "सर, ही उचलली की उसवणार. कडेला काय करायचं ते सांगितलंच नाही तुम्ही!" उचलली, उसवली. वर्ग खो खो हसला, मीही हसलो. तू विणायचीस तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून बसलेला असायचो ना!

प्रशिक्षणात हे सांगितलं तेव्हा बाई खूश झाल्या. चटई कुठून सुचली, म्हणाल्या. आणि ताई, मी सांगितलं, "ओळखीच्या एक बाई विणतात."

तू चौथीत शाळा सोडलीस म्हणून मी शिकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे उभा राहिलो, पण हात जोडवेनात.

गुरुवारी माझा परीक्षेचा पाठ आहे. संगणकाचा वर्ग मला मिळणार की नाही, ते त्यावरच ठरेल. काल बाईंना खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मग त्यांनाच बोलवा की!" तू विणून दाखव, मुलं विचारतील, मी फळ्यावर लिहीन. येशील? नाही आलीस तरी 'ही माझ्या बहिणीची विद्या' असं मी सगळ्या मास्तरांसमोर म्हणणार आहेच. पण ते तू तिथे बसून ऐकावंस, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझाच,
बारक्या