जोडीनं वाजणारी जमीन

३ फेब्रुवारी
दारव्ह्यापासून सहा किलोमीटरवरच्या प्लॉट पाडायच्या नव्या ले-आउटवर आज कामाला लागलो. राहायला फरशीची पक्की खोली मिळाली. भिंतीवर गजानन महाराजांचा फोटो टांगला, उदबत्ती लावली. मन प्रसन्न झालं. मालक सदाशिवराव बोलायला मोकळे. जेसीबी येण्याआधी मेटल डिटेक्टरनं जमिनीतले जुने लोखंडी पाइप शोधायचे आणि वर चुन्याच्या रेघा मारायच्या, एवढंच काम.

४ फेब्रुवारी
मशीन समजून घेतलं. लोखंडावर ते जाड घरघरतं, चांदीवर बारीक शीळ घालतं. शोधताना दांड्याच्या टोकाची तबकडी हलवत राहावी लागते; हात थांबला की मशीन गप्प. पिनपॉइंटवर, म्हणजे नेमकी जागा दाखवणाऱ्या बटणावर, उलटं. तबकडी एका जागी धरायची; धातू जितका जवळ, तितका सूर चढतो. नको असलेला धातू गाळूनही टाकता येतो. सदाशिवराव म्हणाले, फक्त लोखंड ऐका, बाकी बंद ठेवा. मी बंद ठेवलं.

६ फेब्रुवारी
रेघा पूर्ण झाल्या. सहज म्हणून बाकीचे धातूही उघडले आणि बोरीच्या झाडापासून बांधापर्यंत जमीन शीळ घालू लागली. प्रत्येक ठिकाणी दोन शिळा, एकीला लागून एक. वरची माती मालकानं कधीच उचलून नेलेली. वीतभर उकरलं, तर तान्ह्या बाळाच्या पायातला चांदीचा वाळा. तसाच परत ठेवला, माती लोटली, हात जोडले.

गवत कापायला येणाऱ्या रुखमाबाईला विचारलं. ती म्हणाली, "दात न आलेलं लेकरू आमी जाळत नाही, भाऊ. पुरतो. माही पोरगी त्या बोरीखाली हाये." मग विळा थांबवून म्हणाली, "तुमी चुना मारून राह्यले, तवा मले वाटलं तुमाले ठाऊक असन."

मला ठाऊक नव्हतं. सदाशिवरावांना होतं. म्हणून तर बाकीचं बंद ठेवायला सांगितलं.

७ फेब्रुवारी
आयुष्यात कुणावर ओरडलो नव्हतो, आज ओरडलो. जेसीबी एक दिवस थांबवा, आयांना आपापली लेकरं उचलू द्या, एवढंच मागितलं. सदाशिवराव हसले. "काका, तुमी भजन करा ना. मुडद्यायची वकिली कायले करता? एकीले हो म्हटलं तर सारं गाव रडत येईन."
जपाला बसलो. नाम येईना, शिव्या येत होत्या.
रुखमाबाईला शब्द दिला, जेसीबी येण्याआधी तिची पोरगी शोधून देईन.

८ फेब्रुवारी, सकाळ
रुखमाबाई नवं फडकं घेऊन आली. बोरीखाली तबकडी फिरवली. शीळ नाही. हातभर खणलं. नुसती माती. बांधापर्यंत गेलो. सगळीकडे शांत.
तिनं विचारलं, "वाळे इकले का भाऊ?"
महाराजांची शपथ घेतली. ती थुंकली आणि गेली.
जेसीबी माझ्या रेघांवरून आत घुसला. पाइप निघाले. दुसरं काही नाही.

८ फेब्रुवारी, दुपार
मशीन चालूच राहिलं होतं. भिंतीला टेकवलेलं. मी जेवत होतो. शीळ आली. जोडीनं.
तबकडी हलली नव्हती. म्हणजे हललं ते फरशीखालचं.
परत. मग दुसरीकडून. सगळे इथे आले आहेत.

९ फेब्रुवारी
सदाशिवराव माझ्या खोलीत, समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत चहा पीत आहेत. "कुठी गेले हो तुमचे लेकरं?" म्हणून हसतात. माझ्या कानाला हेडफोन, तबकडी त्यांच्या खुर्चीपाशी, पिनपॉइंटवर. सूर चढतो आहे.
उठा म्हणावं—
नाही म्हणणार. ऐकू नका, हे त्यांनीच सांगितलं. बसू दे. रुखमाबाईचं फडकं कोरंच राहिलं. बसू दे त्याला.
चढतो आहे. कान फुटेल इतका—

उतरला.
खुर्चीखाली काही नाही. तो बिस्कीट बुडवतो आहे.
तबकडी माझ्या पायाशी ओढली. चढतो आहे. का? महाराज, मी तर शब्द— त्यानं सांगितलं, पण रेघा मी—

उजव्या पावलाखाली. आता डाव्याखाली. फरशी गार होती, आता ती—