सहा खाटांचे घर आणि नऊ दिवसांचे जेवण

मी, फिलोमेना बांतिलान, वय बहात्तर, कै. आन्सेल्मो बांतिलान यांची विधवा, राहणार तालिसाय, सिकिहोर बेट, फिलिपिन्स, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपण आणणारा एकच, माझा मुलगा रोडेल, आणि तो सध्या जहाजावर आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरणाचा विचार करायला सवड नव्हती.

१. माझी मिळकत म्हणजे किनाऱ्यावरचे बांबूचे घर, त्यातल्या सहा खाटा आणि रस्त्यालगतची जमिनीची पट्टी. खाटा कशा आल्या ते नोंदवणे भाग आहे. तीस वर्षांपूर्वी आम्ही ओट्यावर जेवत असताना योरिस नावाचा एक गोरा पाठपिशवीवाला समोरून चालला होता. जेवताना कोणी दिसला की आम्ही म्हणतो, "या, जेवायला." तो म्हणतो, "झालंय, तुमचं चालू द्या," आणि पुढे जातो. शेंबड्या पोरालाही हे कळते. योरिस आला आणि बसला. आन्सेल्मोच्या वाटणीचा मासाही त्याने संपवला. परतीची बोट निघून गेली होती, म्हणून त्याला खाट दिली. पुढे त्याने प्रवासाच्या पुस्तकात छापून आणले: इथे जेवण फुकट, म्हातारी बिचारी एकटी असते. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. घरात नवरा, सासू, दोन मुले आणि तीन डुकरे होती.

२. मग रांगच लागली. आम्हाला गरिबी जन्मतःच मिळाली. ही मंडळी ती बघायला सहा महिन्यांची रजा काढून येतात. शंभर पेसो वाचवायला बोटीच्या डेकवर बारा तास उन्हात भाजून घ्यायचे आणि मग माझ्या खाटेवर तीन दिवस ओकायचे. आले घातलेली पेज पाजून मी त्यांना उभे केले. निघताना मिठी मारून म्हणायचे, "तुमचं आयुष्य किती साधं आहे हो." त्यांच्या मागे राहिलेल्या अकरा छोट्या गिटारी, हत्तीच्या छापाच्या सत्तावीस विजारी आणि स्वतःचा शोध कसा घ्यावा यावरची पुस्तके पाद्रीबाबांना द्यावीत. पुस्तके चुलीत चांगली पेटतात.

३. गाणी म्हणायचे यंत्र शेजारीण रोसेंदा हिला द्यावे. नऊ वर्षे ती त्यावर एकच गाणे बेसूर गाते आहे. यापुढे ते ऐकायला मी नसेन.

४. आता घराचे. रोडेलला ते पाडून थंडगार खोल्यांचे सिमेंटचे हॉटेल बांधायचे आहे. माझी मुलगी डेलिया स्वयंपाक, खाटा आणि आजारी पाहुणे सांभाळते. तिला ते आहे तसे हवे आहे. गेल्या नाताळात रोडेल बायकोसह आला आणि पलीकडच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरला, कारण बालदीतल्या पाण्याने आंघोळ त्यांना जमत नाही. दुपारी भेटायला आला तेव्हा आम्ही जेवत होतो.

"रोडेल, ये, जेवून घे."

तो पायरीवर उभ्या उभ्याच म्हणाला, "झालंय आई, तुमचं चालू द्या."

डेलिया म्हणाली, "दादा, तू काय वाटेवरचा माणूस आहेस?"

तो घड्याळ बघत राहिला. मला फार लागले. ज्यांनी बसायचे नसते ते तीस वर्षे बसले, आणि पोटचा पोरगा उभा. त्या दिवशी मी ताटावरून उठले.

५. म्हणून घर आणि खाटा डेलियाला. रोडेलचा चौथा हिस्सा कायद्याने तोडता येत नाही. त्यापोटी त्याला रस्त्यालगतची पट्टी. मात्र माझ्यामागे प्रार्थनेचे नऊ दिवस त्याने या घरात राहून दोन्ही वेळा बहिणीबरोबर जेवावे. जेवला, तर अर्धे घर त्याचे. मग पाडायचे की ठेवायचे ते दोघांनी एका ताटाशी बसून ठरवावे.

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तो जेवला की नाही हे कोर्ट कसं ठरवणार?"

मी म्हटले, "कोर्टाला कोण बोलावतंय जेवायला?"

हा मजकूर मी स्वतः वाचून, तिन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत पानापानावर सही केली आहे.

फिलोमेना बांतिलान

साक्षीदार: तेओफिलो गुमापोन, पासिता लुमाकांग, एर्मिनियो दागोहोय

तालिसाय, ९ फेब्रुवारी २०२४

सहीखालचे कायदा धरत नाही, म्हणूनच इथे लिहिते. डेलिया, भांड्याच्या तळाची खरवड त्याच्यासाठी काढून ठेव. लहानपणी तेवढ्यासाठी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा.