आपाच्या काळजाचे ठोके

कुरुंदवाड, १२ नोव्हेंबर २०२४

चि. अल्ताफ यास आपाचे आशीर्वाद आणि दुवा, वि. वि.

फोनवर गोळी घेतलीस का एवढंच विचारतोस आणि ठेवतोस, म्हणून कागद घेतला. वर्ष झालं, काळजाचे ठोके ताळ्यावर न्हाईत. दोघी-तिघींस्नी बांगड्या भरल्या की दम लागतोय. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, जांघेतल्या शिरेतनं नळी हृदयात घालायची आणि फुप्फुसाकडनं येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी डाग द्यायचे. वेडेवाकडे ठोके बहुतेक तिथनंच सुटत्यात. तमन्ना मागं लागलीया, आई, करून घे की म्हणून. मी म्हणलं, मामाला विचारते. तुला मांडीवर घेऊन वाढवलं, आता तूच थोरला झालायस न्हवं?

वाट बघणारी,
आपा

मस्कत, २६ नोव्हेंबर २०२४

ती. आपास अल्ताफचा सलाम, वि. वि.

पत्र वाचून दुकानामागं जाऊन रडलो. हसू नकोस. आपा, मुंबईला कर. इथल्या सोबत्याच्या वडिलांना तिथं हृदयाच्या मागच्या भिंतीवरही डाग दिले. जेवढं जास्त करतील तेवढं चांगलं, नाही का? रजा मागितली. मालक म्हणाला, घरचं कुणी गंभीर असेल तरच. तेव्हा काही बिघडलं तर लगेच कळव, मिळेल त्या विमानानं येतो.

माया आहेच, रागावू नकोस.
तुझा अल्ताफ

कुरुंदवाड, २० मे २०२५

चि. अल्ताफला अनेक दुवा, वि. वि.

जानेवारीत कोल्हापुरात करून घेतलं हे तुला ठावं हाय. फोनवर जे बोलले न्हाय, ते लिहिते.

तुझा सवाल मी डॉक्टरांस्नी विचारला. ते म्हणाले, जादा डाग दिले की जादा गुण येतोच असं पुष्कळ रोग्यांच्या मोठ्या अभ्यासांत दिसलं न्हाय. पहिल्या खेपेला शिरांच्या तोंडाशीच नीट डाग देऊ. दुखणं जुनं, कदाचित दुसऱ्यांदा करावं लागंल, हेबी सांगितलं. मी म्हणलं, करा.

फेब्रुवारीत पुन्हा धडधड सुटली. तमन्ना घाबरून तुला फोन लावाय लागली, मी तिचा हात धरला. खरं सांगू? मी भ्याले, पण आत कुठंतरी बरंबी वाटलं. वाटलं, आता अल्ताफ येणार. मग माझीच मला लाज वाटली. डॉक्टर म्हणाले, पहिले दोन-तीन महिने असं होतंय, हरलो समजू नका.

आता छातीला मशीन लावून बघितलं, ठोके सरळ हाईत. रक्त पातळ ठेवायची गोळी चालूच. पुढं काय हुईल अल्लाला ठावं. पण अल्ताफ, मी मराय टेकल्यावर येऊन काय करणार? माझा चेहरा बघायला ये, तोंडावरची चादर बाजूला करायला नको.

आठवणीत ठेव.
तुझी आपा

मस्कत, २ जून २०२५

ती. आपास सलाम, वि. वि.

मालकाला सांगितलं, घरी कुणी आजारी नाही. बहीण बरी झालीय, म्हणूनच जायचंय. त्यानं रजेच्या अर्जावर सही केली.

२५ तारखेला, बुधवारी जयसिंगपूर स्टेशनवर उतरतो. तमन्नाला पाठव. तू येऊ नकोस, पाऊस असतो.

येशीलच, ठाऊक आहे.
अल्ताफ