एअर फिल्टर : अर्ध्या तासाचं काम

सोमवार, ४ नोव्हेंबर
आज गाडीने पुन्हा चढावर मान टाकली. ॲक्सिलरेटर पिळला की खोकते, सोडला की बंद. हिला सातला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पोचायचं असतं. उशीर झालाच. बायको असून काही बोलली नाही. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि उरलेला चढ चालत गेली. फार वाईट वाटलं.

निदान झालं आहे. एअर फिल्टर. गाडी आमच्या लग्नाआधीची, श्वास घ्यायला त्रास होणारच. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, ठेवून जा, संध्याकाळी न्या. मुळीच नाही. या गाडीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही (क्लच, सायलेन्सर आणि गेल्या वर्षीचं इंजिनचं काम सोडून). अर्ध्या तासाचं काम. रविवारी उरकणार.

घाई एवढ्याचसाठी की माझी गोदामात दुपारची पाळी. मी घरी येतो तेव्हा ही झोपलेली असते. सकाळी तिला सोडायला जातो तीच काय ती आमची भेट. मी बोलतो, ती ऐकते. हेल्मेटमुळे तिचं उत्तर ऐकू येत नाही, पण ती हुंकार देते ते पाठीला कळतं. दिवसभर मग बरं जातं.

मंगळवार, ५
ही बसने गेली. म्हणाली, तुमची गाडी होईपर्यंत. बिचारी. लोंबकळत जायचं का तिचं वय आहे?

रविवार, १०. सकाळी ९
पाने, पक्कड, जुनी बनियन, चहा. मोबाइलवर व्हिडिओ. सुरुवात.

११.४०
बाजूच्या कव्हरचा एक स्क्रू निघत नाही. खाच पार गुळगुळीत. कुणीतरी चुकीचा स्क्रूड्रायव्हर घातलेला दिसतो. या घरात स्क्रूड्रायव्हर फक्त माझ्याकडे असतो, तेव्हा तो विषय इथेच थांबवतो.

दुपारी ४
स्क्रू निघाला. अंगठ्याचं नखही निघालं, पण ते आधीपासूनच कमजोर होतं. आईने विचारलं, अरे, गॅरेजमध्ये का नाही टाकत? तिला मशीनमधलं काय कळणार. आज इतकंच. घाईत काम बिघडतं.

मंगळवार, १२
पाळीला जायच्या आधी फिल्टर बाहेर काढला. काळाकुट्ट. घड्याघड्यांचा कागद आहे. व्हिडिओतला स्पंजचा होता, पण तत्त्व एकच. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा, नीट चोळायचा, दाबून पिळायचा. दाबून पिळला. गच्चीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. शेजारी हिचा लॅबचा पांढरा कोट होता. जागा तेवढीच होती.

बुधवार, १३
फिल्टर वाळला असं म्हणता येईल. हातात घेतला तर निम्मा हातात आला, निम्मा दोरीवरच राहिला. कोटाच्या बाहीवर काळा ओघळ. हिने कोट मुकाट्याने पुन्हा भिजत घातला. हिचा हा गुण मला पहिल्यापासून आवडतो. कमी बोलते. मी म्हटलं, हल्लीच्या कागदात दमच राहिला नाही. आई म्हणाली, हा फिल्टर हल्लीचा कुठे, तुझ्या लग्नाआधीचा ना? आईला सगळं ऐकू येतं.

शुक्रवार, १५
मोठा शोध! फिल्टर न लावताच गाडी सुरू केली. अर्ध्या किकमध्ये झाली! इतकी वर्षं उगाच तिच्या नाकावर फडकं बांधून ठेवलं होतं. गल्लीत दोन चकरा मारल्या. वाऱ्यावर.

हिला म्हटलं, उद्या मी सोडतो. ती म्हणाली, राहू द्या, बस बरी पडते, लॅबमधली एक मैत्रीण आधीच्या स्टॉपवर चढते आणि खिडकीची जागा धरून ठेवते. मला त्रास नको म्हणून म्हणते, मी ओळखून आहे. खूपच आग्रह केला तेव्हा तयार झाली.

शनिवार, १६
चढाच्या मध्यावर गाडी बार काढायला लागली. फाट, फाट. दूधवाला सायकल थांबवून बघत बसला. मी गोदामातल्या साहेबांबद्दल नुकतंच सांगायला घेतलं होतं, तर ही उतरली. मागून बस आली. हिने हात केला आणि स्टॉप नसताना बस थांबली. खिडकीतून मला टाटा केला. हसत होती. मला धीर यावा म्हणून.

गाडी ढकलत आणली. दमलो. खरंच दमलो. ढकलण्याचं काही नाही, पण वाटेत कुणाशी बोलावं तेच कळेना. साहेब मला काय म्हणाले, मी काय म्हणालो, गुडघ्याचं काय चाललंय, सगळं सांगायचं साचलंय. चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावावी असा विचार आला. बरं दिसत नाही ते.

सोमवार, १८
स्पेअर पार्टवाल्याकडे गेलो. गाडीचं मॉडेल सांगितलं तर तो माझ्याकडेच बघत राहिला. मग माळ्यावर चढला, बऱ्याच वेळाने धुळीने माखून उतरला. अगदी शेवटचा पीस. गाडीचं नशीब आहे.

आई म्हणाली, हल्ली सूनबाई सकाळी वेणी घालताना गुणगुणते. मी म्हटलं, ताण आला की माणसं गुणगुणतात. लवकर काहीतरी करायला हवं.

रविवार, २४. सकाळी १०.१५
बसला! मी स्वतः बसवला. खरंच अर्धा तास लागला. सगळे स्क्रू लागले, एकही उरला नाही, हे माझ्या हातून पहिल्यांदाच. चढ तीन वेळा चढून आलो. खोकला नाही, बार नाही. उतरल्यावर टाकीवर थाप मारली. कुणी बघत नव्हतं.

उद्या सांगायचा क्रम ठरवला आहे. आधी साहेब. मग गुडघा. मग रजेचं. शेवटी चढावर, गाडी सहज चढत असताना, काही न बोलता फक्त तिला जाणवू द्यायचं.

सोमवार, २५. सकाळी ६.१०
गाडी पुसून दारात उभी केली. हेल्मेट पुढे केलं. तिने घेतलं नाही. गाडीकडे पाहिलं, छान केलीत म्हणाली. खरंच मनापासून म्हणाली.

मग म्हणाली, "अहो, मी बसनेच जाईन. लॅबमध्ये दिवसभर माणसं बोलतात. घरी आई असतात. गाडीवर तुम्ही. बसमध्ये मैत्रीण डुलक्या काढते, तेवढा वेळ मला कुणी काही सांगत नाही."

रागावून नाही. पर्समध्ये सुटे शोधता शोधता. एवढी वर्षं मला वाटत होतं, तिला आवडतं.

मग मी म्हटलं, निदान स्टॉपपर्यंत सोडतो. तिने हेल्मेट घेतलं. बरं, म्हणाली.

६.३०
सोडून आलो. गाडी पाण्यासारखी चालली. स्टॉप गल्लीच्या तोंडाशीच आहे. दुसरा गिअर टाकेपर्यंत येतो. काही बोललो नाही. बोलायला वेळच कुठे होता.

उद्या पहिल्याच गिअरवर नेणार.