बरे आहेत, बरे झाले

४ मार्च

चि. धाकटोबास, अनेक आशीर्वाद.

पत्राला उत्तर न देण्याची तुझी कीर्ती अबाधित आहे, म्हणून पुन्हा मीच लिहिते. खारूला सांग, तिची आत्या हल्ली प्रयोगशाळेत दिवसभर उंदरांच्या दिमतीला असते. तुझ्या या लेकीच्या स्नायूंना जो आजार आहे, तोच या उंदरांत मुद्दाम घडवलेला आहे. नवं औषध टोचल्यापासून, मागचे पाय ओढत फिरणारे आता पिंजऱ्याच्या जाळीला लटकतात. उंदीर बरे आहेत. लिहावं की नाही, याचा बराच घोळ घातला. पण आनंद एकटीच्या पोटात राहीना.

खारूच्या पाठीच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का?

लोभ आहेच, उत्तराचीही सवय लाव.

तुझी,
ताई

९ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

उशिराबद्दल हवं तेवढं बोलून घे. तुझं पत्र हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही आत जाऊन रडली आणि बाहेर येऊन भांडली, की मग पोरीची पाठ कशाला फाडायची? मलाही पटलं. ऑपरेशन रद्द केलं. डॉक्टर भडकले, म्हणाले, कणा वाकत चाललाय, फुफ्फुसांना जागा उरणार नाही. मी म्हटलं, आमच्या ताईच्या औषधाने उंदीर बरे झालेत. त्यावर त्यांनी फाईल मिटून ठेवली.

खारूला मध्ये खोकला झाला होता, अजून धाप लागते. ती विचारते, लटकलेल्या उंदराला खाली उतरता येतं का? औषध कधी पाठवतेस?

लोभ आहे, तो असाच वाढू दे.

तुझा,
धाकटोबा

१५ एप्रिल

चि. धाकटोबास, आशीर्वाद.

सकाळी फोनवर मी नुसती ओरडले. कारण नीट लिहिते.

बरे म्हणजे कालच्यापेक्षा बरे. तापातल्या माणसाला म्हणतो तसं. ते उंदीर पुन्हा अशक्त होतात आणि मरतात. औषध न दिलेल्यांपेक्षा उशिरा, इतकंच. आम्हाला हे ‘इतकंच’ फार वाटतं. त्यातून माणसाचं औषध निघेलही, पण खारूची पाठ तोवर थांबणार नाही. उंदरांचेही कणे वाकतात. त्यांचे सरळ करायला कोणी बसत नाही. खारूला डॉक्टर आहेत.

मी दुसरा शब्द लिहायला हवा होता का? की तुला धीर यावा म्हणूनच माझ्या हातून तो उतरला? मला ठरवता येत नाही. तू मात्र आजच डॉक्टरांकडे जा. रागाव, पण लोभ तोडू नकोस.

ताई

२ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तपासण्या झाल्या. खोकल्यानंतर खारूचा श्वास फार उणा पडलाय. भूल दिली तर ती उठेलच, याची खात्री नाही. डॉक्टर आता ऑपरेशनला तयार नाहीत. ओरडलेही नाहीत. ओरडले असते तर हलकं वाटलं असतं.

तुझं पत्र पुन्हा काढून पाहिलं. तू ‘बरे आहेत’ लिहिलंयस. मी हिला ‘बरे झाले’ असं वाचून दाखवलं होतं. मुद्दाम नाही गं. मला तेच दिसलं. हिला अजून सांगितलेलं नाही.

आता खारूला कूसही आपली आपण बदलता येत नाही. उचलायला गेलं की तीच विचारते, मी जड झाले का? आमचे हात भरून येतात. यापुढे औषधाचं काही लिहू नकोस. रजा काढून ये. आणखी दोन हात हवे आहेत.

लोभ आहे तेवढाच आहे.

तुझा,
धाकटोबा